मास्टर खांबांचे चिरंजीव

माझे सासरे मधेच थांबतात. दम लागतो म्हणून नव्हे, काही आठवायचंय म्हणूनही नव्हे. एक पाय जमिनीवर, दुसरा वीतभर वर, हात जिथे असतील तिथे आणि तोंड किंचित उघडं, असे ते थांबतात आणि मग हलत नाहीत. पापणीसुद्धा नाही. जत्रेतल्या फोटोवाल्याकडचा पुठ्ठ्याचा माणूस निदान वाऱ्यानं तरी हलतो. अप्पा हलत नाहीत.

घरात थांबले तर आपण वळसा घालून जाऊ शकतो. माझी बायको मृणाल तशीच जाते. जन्मापासून सवय आहे तिला, टेबलाला वळसा घालावा तशी वडिलांना घालते. पण अप्पांचं मन घरात रमत नाही. त्यांना रस्ता लागतो, दुकानाची रांग लागते, निदान शेजारणीचं कुंपण तरी लागतं. आणि मी पडलो संकोची माणूस. लिफ्टमध्ये अनोळखी माणसासमोर शिंक आली तर मी आठवडाभर ती आठवत बसतो. अशा माणसाला देवानं असे सासरे द्यावेत, यात देवाचा विनोद असेल तर तो मला उशिरा कळला.

२०२०च्या फेब्रुवारीत अप्पा मिरजेहून आमच्याकडे आयर्लंडात ॲथलोनला आले. तीन महिने लेकीकडे राहायचं, शॅनन नदी बघायची आणि आंब्यांना परत जायचं, असा बेत होता. मग विमानं बंद झाली. दुकानं, शाळा, पब, सगळं बंद झालं. अख्खं जग थांबलं आणि थांबण्याचा आयुष्यभराचा अनुभव असलेला एकमेव माणूस आमच्या पाहुण्यांच्या खोलीत अडकला.

"आता कळेल लोकांना," अप्पा समाधानानं म्हणाले. "सोपं नसतं ते."

सत्तरीपुढच्यांनी घरातच राहायचं, असा सरकारचा हुकूम होता. अप्पांनी 'घर' या शब्दाचा अर्थ अंगणापर्यंत ताणला. एका सकाळी मी वरच्या खोलीत कारखान्याच्या मीटिंगमध्ये होतो. आमच्या कारखान्यात वैद्यकीय उपकरणं बनतात आणि ती ठरल्याप्रमाणेच वागतील याची खात्री करणं हे माझं काम. तेवढ्यात खालून ब्रीडाची हाक आली. ब्रीडा आमची शेजारीण, निवृत्त शिक्षिका. इथे कुठल्याही पुरुषाचा उल्लेख 'युअर मॅन' असा करतात, तो आपला असो वा नसो. "युअर मॅन पोस्टमन येऊन गेल्यापासून एका पायावर आहे," ती कुंपणापलीकडून म्हणाली. "मी ॲम्ब्युलन्स बोलावली आहे."

ॲम्ब्युलन्स आलीसुद्धा. नखशिखांत झाकलेले दोघे उतरले. पहिला वाकून अप्पांच्या डोळ्यांत बघायला लागला. अप्पांनी त्याला अगदी जवळ येऊ दिलं आणि मग फक्त बुबुळं, सावकाश, त्याच्याकडे वळवली. तो मागे उडाला तो ब्रीडाच्या हायड्रेंजियाच्या ताटव्यात. दुसरा इतका हसला की त्याच्या तोंडासमोरची काच वाफेनं भरली.

मी खाली येऊन माफी मागायला लागलो. आयर्लंडमध्ये राहून माझं इंग्रजी सुधारलं ते मुख्यतः माफीच्या बाबतीत.

"नट आहेत का ते?" त्या दुसऱ्यानं विचारलं.

"नाही. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते."

"मग हे काय?"

"त्यांचे वडील नट होते."

"हो? कशात काम केलं होतं?"

"ते आता बघायला मिळत नाही," मी म्हणालो.

"ग्रँड," तो म्हणाला. इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे बरं, चालेल, आता जाऊ द्या.

अप्पा आत येऊन चहा मागत होते. "पहिला घाबरला, दुसरा हसला," ते म्हणाले. "निम्मं थिएटर आलं की हातात. मृणालला सांगून ठेवा हो जावईबापू, अशी माणसं परत आली तर बसवून घ्या."

पुढे उन्हाळ्यात बंधनं जरा सैल झाल्यावर आम्ही त्यांना गाडीतून फिरवायला काढलं, तर रस्त्यात पोलिसांनी अडवलं. इथे पोलिसाला गार्ड म्हणतात. गार्डनं खिडकीतून वाकून कुठे चाललात म्हणून विचारलं आणि शेजारी पाहिलं. अप्पा केळं तोंडापाशी नेऊन थांबले होते. ओठ आणि केळं यांत एक बोट अंतर.

"हे ठीक आहेत ना?"

"ही डझ धिस," मी म्हणालो. धिस म्हणजे काय, ते सांगण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं. तितकी मराठीही येत नव्हती.

मागून मृणाल शांतपणे म्हणाली, "ते तालीम करतायत, गार्ड."

"कशाची?"

 केळं जागचं हललं नाही. गार्डनं आम्हाला जाऊ दिलं. पण त्याचा प्रश्न मात्र गाडीत राहिला.

कशाची, ते सांगायचं तर अप्पांच्या वडिलांकडे जावं लागेल. आमचं लग्न ठरताना मुलीचे आजोबा 'कलाक्षेत्रात होते' एवढंच कळवण्यात आलं होतं. माझ्या आईनं ते गवई होते असं धरून चार ठिकाणी सांगूनही टाकलं. प्रत्यक्षात ते मूकपटांतले विनोदी नट निघाले. पडद्यावरचं नाव मास्टर खांब.

मास्टर खांब लहानपणी गणपतीच्या मेळ्यात होते. मेळ्यात गाणी, नकला, संवाद सगळं असायचं. यांना ना गळा ना पाठांतर, म्हणून देखाव्यात राक्षस करून उभं केलं. ऐन आरतीत राक्षसाच्या नाकावर माशी बसली. राक्षस हलला नाही. फक्त त्याचे डोळे माशीकडे गेले. आरती म्हणणारी माणसं हातात टाळ तसेच धरून हसत सुटली. "तिथं धंदा सापडला बाबांना," अप्पा म्हणतात.

मग संगीत नाटक कंपनीत ते द्वारपाल झाले. पुढे नायक वन्समोअरवर वन्समोअर घेत गातोय, मागे हे भाला धरून उभे. दोन वन्समोअर नायकाला मिळाले. तिसरा द्वारपालाला मिळाला. आता उभ्या माणसानं वन्समोअर घ्यायचा म्हणजे काय करायचं? तो पुन्हा उभा राहिला. नायकानं मालकाला सांगितलं, एकतर हा राहील नाहीतर मी. मालकानं नायक ठेवला, कारण द्वारपाल दुसरा मिळतो.

तिथून मूकपटात गेले. तिथे कोणालाच बोलायचं नव्हतं, त्यामुळे मास्टर खांब एकदम सगळ्यांच्या बरोबरीला आले. दिग्दर्शक आधी म्हणाला, हलत्या चित्रात न हलणारा माणूस घेऊन करू काय, फोटोच काढतो की. पण घेतलं. आणि तो तुकडा गाजला. घरचा नोकर चहाचा ट्रे घेऊन चाललाय. मालक म्हणतो, थांब. नोकर थांबतो, एक पाय वर. मालक विसरून जातो. मग त्या नोकराभोवती चोर, पोलीस, कोंबड्या, वऱ्हाडी, सगळे पळतात, आणि तो ट्रे धरून तसाच. लोक तेवढ्यासाठी दुसऱ्यांदा तिकीट काढायचे म्हणे.

मग चित्रं बोलायला लागली. सगळेच बोलायला लागल्यावर उभ्या माणसाकडे कोण बघणार? रीळं भंगारात गेली. वितळवून त्यातली चांदी काढली आणि उरल्याच्या बांगड्या केल्या, असं अप्पा सांगतात.

"कुणाच्या तरी हातात वाजले असतील बाबा," ते एकदा म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा आवाज केला असेल त्यांनी."

तर नोकराचा तो तुकडा आता जगात एकाच ठिकाणी होता, अप्पांच्या अंगात. पाटबंधारे खात्यात ते फाइल हातात घेऊन थांबायचे. साहेबांना वाटायचं गहन विचार चाललाय, त्यात एक बढतीही मिळाली. पण पूर्ण तुकडा, ट्रे घेऊन, लोकांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांनी कधीच केला नव्हता. वयाची ऐंशी वर्षं झाली तरी.

आणि त्या वर्षीचा गणेशोत्सव इथल्या मराठी मंडळानं ऑनलाइन करायचं ठरवलं.

"दहा मिनिटं मागा," अप्पा म्हणाले. जेवता जेवता, ताटाकडे बघत. माझ्याकडे त्यांनी आजवर काहीही मागितलं नव्हतं, मीठसुद्धा ते मृणालकडेच मागतात. मी लाजत लाजत वैशालीताईंना फोन केला. त्या डब्लिनजवळ टॅलाला राहतात आणि मंडळाचं सांस्कृतिक त्याच बघतात.

"वा, काका काय करणार? नाट्यगीत?"

"नाही. उभे राहणार."

"बरं. आणि?"

"तेवढंच."

वैशालीताई सुसंस्कृत आहेत. त्या म्हणाल्या, "छान. लहान मुलांचा डान्स झाला की चार मिनिटं देते. नंतर लगेच कराओके आहे."

मालकाचं काम माझ्याकडे आलं. वाक्य एकच, 'थांब', तेही कॅमेऱ्याबाहेरून. अप्पांनी त्याच्या आठवडाभर तालमी घेतल्या. "असं काय म्हणता? जमलं तर थांबता का, अशानं कोण थांबतंय? तुम्ही मालक आहात. एकदा म्हणायचं आणि विसरायचं. आणि नंतर मेलात तरी तोंड उघडायचं नाही. मी हललो की संपलो आणि तुम्ही बोललात तरी संपलो."

रविवारी दुपारी मृणालची ड्यूटी होती. ती जेवणाच्या सुट्टीत फोनवर बघणार होती. मी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. कपाटातला, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधला, चहाचा चांगला सेट काढला. अप्पांनी धोतर नेसलं, माझा काळा कोट घातला, चष्मा काढून टीव्हीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना लॅपटॉप म्हणजे एक उजेडाचा चौकोन दिसतो. पडद्यावर आयर्लंडभरची मराठी कुटुंबं छोट्या छोट्या खिडक्यांत बसली होती. कासलबारचे डॉक्टर होते, कारखान्यातले माझे दोन मराठी साहेब होते, पैठणी नेसलेल्या बायका होत्या.

अप्पा स्वयंपाकघराच्या दारातून ट्रे घेऊन आले. ती चाल मी कधी पाहिली नव्हती. माझे सासरे ते नव्हतेच. कोणीतरी तरुण, लगबगीचा, साहेबांना चहा गार मिळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा नोकर होता. ते खोलीच्या मधोमध आले आणि मी म्हणालो, "थांब."

चांगलं म्हणालो. मालकासारखं म्हणालो. फक्त म्यूटवर असताना म्हणालो.

अप्पा थांबले. एक पाय वर.

"काका, आवाज येत नाहीये," कोणीतरी म्हणालं.

"काका, तुम्ही म्यूटवर आहात. डावीकडे खाली माइकचं चित्र आहे बघा."

"फ्रीझ झालेत वाटतं."

"ॲथलोनचं नेट असंच आहे हो. आमचे एक मित्र आहेत तिथे…"

बटण माझ्या बोटाखाली होतं. ते दाबून एवढंच म्हणायचं होतं की अहो, ते फ्रीझ झालेले नाहीत, हाच कार्यक्रम आहे, माझे सासरे ऐंशीव्या वर्षी एका पायावर उभे आहेत, तेवढं बघा. बोलू नका अशी अप्पांची ताकीद होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तसं नव्हतं. माझे दोन साहेब बघत होते आणि मला लाज वाटत होती.

"चला, काका परत जॉइन होतील तोवर आपण पुढे जाऊ," वैशालीताई म्हणाल्या. पडदा पांढरा झाला. तुम्हाला या सभेतून बाहेर काढण्यात आलं आहे, असं त्यावर इंग्रजीत लिहून आलं.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. अप्पा त्या पांढऱ्या चौकोनाकडे तोंड करून उभे होते. मी परत आत जायचा प्रयत्न केला. होस्ट आत घेतील, थांबा, असं आलं. आत कोणीतरी गात असणार. आता अप्पांना सांगायला हवं होतं. अप्पा, पाय खाली घ्या, ते गेले. हे वाक्य मी तोंडात जुळवलं. मग खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसलो.

इतके महिने मी त्यांना वळसा घालत होतो, नाहीतर दुसऱ्यांची माफी मागत होतो. बसून कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा नुसतं अवघडल्यासारखं झालं. मग कंटाळा आला. मग काळजी वाटायला लागली, कारण वरचा पाय थरथरायला लागला होता. आणि मग ट्रेमधली एक कपबशी बारीकशी किणकिणली. अप्पांचं अंग तसंच. फक्त डोळे त्या कपाकडे गेले. आपण एवढी इमानदारीनं नोकरी करतोय आणि हा कप साहेबांकडे चुगली करतोय, अशा नजरेनं त्यांनी कपाकडे पाहिलं. मग डोळे माझ्याकडे आले, मी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग परत कपाकडे.

मी फुटलो. पोट धरून, खुर्चीवरून घसरेपर्यंत हसलो. माझ्या वयाला आणि हुद्द्याला न शोभणारा आवाज माझ्या नाकातून आला.

अप्पांनी पाय खाली टेकवला, राहिलेलं पाऊल पुरं केलं आणि ट्रे नेऊन टेबलावर ठेवला. मग भिंतीला धरून सोफ्यावर बसले.

"लोक मघाशीच गेले ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "कसं कळलं?"

"माणसं गेली की खोलीचा आवाज बदलतो."

"मग उभे कशाला राहिलात, अप्पा?"

ते बराच वेळ धोतराचा सोगा सारखा करत राहिले. "बाबांचा शेवटचा खेळ मी बघितलाय," ते म्हणाले. "जत्रेतला तंबू. दोन गाण्यांच्या मधे बाबांना उभं केलेलं. नऊ वर्षांचा असेन, पुढंच बसलेलो. लोकांना गाणं पाहिजे होतं. आधी शिट्ट्या मारल्या, मग शेंगांची टरफलं आली अंगावर. मग उठून जायला लागले. माझ्या वर्गातली पोरं मागं होती. ती म्हणाली, तुझा बाप आहे की रे."

"मग?"

"मग मीही उठलो की."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"बाहेर येऊन उभा राहिलो. बाबा आत तसेच होते, पाय वर करून. किती वेळ होते, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे शिकवा म्हणून कधी म्हटलं नाही. आठवेल तसं केलं आपलं, ते गेल्यावर." ते थांबले. साधं, माणूस बोलताना थांबतो तसं. "सगळी उठून गेल्यावर कसं वाटतं, ते बघायचं होतं. आज बरी संधी आली."

"कसं वाटतं?"

अप्पांनी विचार केला. "पोटरी लई दुखती," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. वैशालीताई होत्या. मागे कराओके चालू होतं. "अहो सॉरी हं, काका अगदीच फ्रीझ झाले होते. वायफायचं बघा जरा. शेवटी दोन मिनिटं देऊ का?"

वायफायला दोष देणं किती सोपं असतं. ते उलटून बोलत नाही.

"वायफाय चांगलं आहे, वैशालीताई," मी म्हणालो. "ते फ्रीझ झाले नव्हते. तोच कार्यक्रम होता. म्यूटवर मी होतो."

पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की मला वाटलं आता त्याच अडकल्या. मग "अगं बाई," एवढंच ऐकू आलं.

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी हातानं नको म्हटलं. झाला खेळ.

फोन ठेवला तेव्हा ते पोटरी चोळायचा प्रयत्न करत होते आणि हात पोचत नव्हता. मी खाली गालिच्यावर बसलो आणि त्यांचा पाय मांडीवर घ्यायला गेलो, तर त्यांनी झटक्यात ओढून घेतला.

"हे काय करालाय? जावयानं सासऱ्याच्या पायाला हात लावायचा? उलटं असतं ते. लग्नात मी धुतलेत तुमचे, चांदीच्या ताटात."

"धुतलेत ना? मग एकदा माझी पाळी."

"शोभतं का? कुणी बघितलं म्हणजे?"

ॲम्ब्युलन्सवाल्यांसमोर, गार्डसमोर, सगळ्या वसाहतीसमोर एका पायावर उभा राहणारा हा माणूस. त्याचे कान लाल झालेले मी त्या दुपारी प्रथम पाहिले. ब्रीडा समोरच कुंपणाशी झाडांना पाणी घालत होती. पोटरीत पेटका आलेला होता, तरी मी उठून खिडकीचा पडदा पूर्ण ओढेपर्यंत अप्पांनी मला पाय दिला नाही.